लाळपट्टी

रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते. मग काही गावांत त्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरतात, टाके घालतात आणि ते म्हशीच्या तोंडापुढे उभं करतात. म्हैस ते चाटते. दूध उतरतं.

*

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ऊर्जेच्या बारीक गिरण्या असतात. त्यांची जनुकं पेशीतल्या इतर जनुकांपासून वेगळी, आणि ती फक्त आईकडून येतात. बापाचा त्यात वाटा नाही.

*

कृष्णाकाठच्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत पाटी आहे : कच्चे दूध चाखू नये. पाटी नवी होती तेव्हा लोक तिच्याकडे पाठ करून चाखायचे. आता तेवढीही तसदी घेत नाहीत.

*

‘पाहिजेत : दूधआया. स्वतःचं बाळ चालू लागलेलं, दूध भरपूर, स्वभाव शांत.’ पुढच्या जाहिरातीतून ‘स्वभाव शांत’ एवढं गाळलं. अर्ज वाढले.

*

अळीव नारळाच्या पाण्यात भिजवले की फुगतात. त्यात गूळ, खोबरं घालून लाडू वळतात. ते बाळंतिणीने खायचे असतात.

*

मगदूमांच्या घरातली बाळंतीण म्हणजे तनया. लाडू मात्र स्टीलच्या डब्यात बसून रोज गावाच्या दुसऱ्या टोकाला जात होते, ऋतुजा भोकरेकडे.

“डबा घेतलास का रे?” आक्कांनी आतून विचारलं. आक्का म्हणजे तनयाच्या सासूबाई.

“घेतला.” सुमेध बूट चढवत होता.

“वरचा लाडू मोठा वळलाय बघ. तिला म्हणावं, तो तूच खा, पोराला देऊ नको.”

तनया जुईला मांडीवर घेऊन बसली होती. “आक्का, माझ्यासाठी ठेवलाय का एखादा?”

“तुला?” आक्का पदराला हात पुसत दारात आल्या. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. “तुला कशाला गं? तुझं दूध कधीच गेलं. उगाच अंग सुटेल.”

त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

*

जुई जन्मली तेव्हा रडली नाही, नुसती कण्हली. तिचा हात उचलून सोडला की ओल्या फडक्यासारखा खाली यायचा. अंगावर घेतलं की ती ओठांत धरून ठेवायची आणि तशीच पडून राहायची, पुढचं तिला कुणी सांगितलंच नसल्यासारखी. मग नाकातून नळी घातली. तनयाला पान्हा भरपूर फुटला, पण तो पंपात गेला, आणि पंपाला तहान नसते. तपासणीचा निकाल येईपर्यंत तो आटून गेला होता.

बापाकडून आलेल्या पंधराव्या गुणसूत्रातला एक छोटासा तुकडा जुईत गळालेला होता. यात कुणाचा दोष नाही, हे डॉ. शबाना मुजावर यांनी इतक्या वेळा सांगितलं की सुमेधला तो आपलाच वाटू लागला.

“ही मुलं आधी पीत नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या, “आणि काही वर्षांनी खायचं थांबत नाहीत. पोट भरल्याची खबर मेंदूत पोचतच नाही. मी अशी घरं पाहिलीत जिथं फ्रिजला कुलूप आहे, पिठाच्या डब्याला कुलूप आहे. एका घरी तर कचऱ्याच्या बादलीला होतं.”

“आणि आमची?” आक्कांनी विचारलं.

“तुमची अजून लहान आहे. पहिलं वर्ष हातात आहे.”

मग त्यांनी दुधाचं समजावून सांगितलं. बाळ चोखतं तेव्हा दूध एका बाजूलाच वाहत नाही. बाळाची थोडी लाळ उलटी आईच्या अंगात जाते. त्या लाळेत बाळाची सगळी हकीकत असते : भूक किती, झोप किती, घशात कोणता जंतू बसलाय. आईच्या दुधाच्या ग्रंथी ती वाचतात आणि पुढचं दूध त्याप्रमाणे करतात. बरीच वर्षं ही नुसती शंका होती. ती पक्की झाल्यावर आणखी एक गोष्ट हाती लागली. पाजणं संपत आलं की शेवटच्या घोटांमध्ये एक प्रथिन उतरतं. मेंदूला ते ‘पुरे’ असं सांगतं. जुईसारख्या बाळाच्या मेंदूला हे ऐकू येत नाही, पण पहिलं वर्षभर रोज, त्याच्याच मापाने सांगत राहिलं, तर तो ऐकायला शिकतो.

अडचण एवढीच की जुई चोखत नव्हती. तिकडून प्रश्नच गेला नाही, तर इकडून उत्तर कुठून येणार.

म्हणून लाळपट्टी. बोटाच्या पेरापेक्षा लहान, मऊ. बाळाच्या गालात थोडा वेळ धरायची आणि घरातल्या छोट्या यंत्रात सरकवायची. यंत्र लाळ वाचतं. दुसऱ्या घरी दूधआई अंगाला एक वाटी लावून बसलेली असते. ती वाटी दूध ओढते आणि ओढताना त्या लाळेतल्या खुणांची नक्कल थेंबाथेंबाने तिच्या अंगात सोडते. जिवंत जंतू नाही, नुसत्या खुणा. तिच्या शरीराला वाटतं, हेच बाळ आपल्या छातीशी आहे. दूध त्या बाळासाठी बनतं, थंड पेटीत बसून त्या बाळाच्या घरी येतं.

“दुसऱ्या बाईचं का?” तनयाने विचारलं. “माझ्या अंगाला लावा ना वाटी.”

“तुमचं आटलंय, तनया. परत आणता येतं, पण त्याला वेळ लागतो. आणि तो जुईकडे नाही.”

*

लाळ : मी आहे.

दूध : कळलं.

लाळ : आज घशात खवखवतंय.

दूध : त्यावर काहीतरी पाठवते.

लाळ : पुरे.

दूध : पुरे. शहाणी माझी.

*

ऋतुजा भोकरे बॅडमिंटन शिकवायची. उंच, खांदे भरलेले, हसली की शेजारच्या खोलीतल्यांनी मान वळवावी असं हसणं. तिचा वेद चालायला लागला होता तरी दूध संपत नव्हतं. पहिल्या भेटीत तिने जुईला घेतलं, टाळूवर नाक टेकवलं आणि डोळे मिटून म्हणाली, “आपली जुई काय म्हणतेय?”

आपली.

तनयाने तो शब्द घरी आणला आणि तो तिच्यासोबत राहू लागला. सुमेध डबा देऊन यायला उशीर करी तेव्हा तो शब्द दारात उभा असे. सुमेध येऊन सांगायचा, ऋतुजाताई असं म्हणत होत्या, ऋतुजाताईंनी तसं करायला सांगितलंय. एके दिवशी फोन आला. तनयाने स्पीकरवर घेतला.

“अगं तनया, जुईला सर्दी होणार बघ.”

“तिला काही झालेलं नाही, ताई. मजेत खेळतेय.”

“आत्ता नसेल. पण माझं दूध सकाळपासून पिवळट उतरतंय. डॉक्टरांच्या दूधआई केंद्रानेही तेच कळवलंय. टोपडं घाल तिला.”

“अंगात धग आहे का बघू,” म्हणत आक्का पळत आल्या. तनया म्हणाली, “काही नाही हो.” संध्याकाळी जुईचं नाक वाहायला लागलं.

“बाई दुरून ओळखते,” आक्का कौतुकाने म्हणाल्या, “आणि आपण इथं उशाशी बसलोय.”

तनयाने टोपड्याची नाडी बांधली. जरा जास्तच घट्ट बांधली, मग सोडली.

*

तनया दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. बाळंतपणानंतरही सकाळपुरती जायची. सकाळी गावोगावच्या म्हशींचं दूध नमुन्यांच्या बाटल्यांत यायचं. ती फॅट काढायची, पाणी घातलंय का पाहायची, आणि शंका आली की काचेच्या कांडीवरचा थेंब जिभेवर घ्यायची. यंत्र आकडा सांगतं, पण चारा बदललाय हे जीभच सांगते, असं तिथले सगळेच मानायचे.

एकदा तिने ऋतुजाच्या दुधाचा तळ डबीतून संघात नेला आणि कुणी नसताना यंत्राला लावला. फॅट म्हशीच्या निम्म्याहून खाली. तिला उगाच बरं वाटलं. मग तिने एक थेंब चाखला. कोमट, किंचित गोड. हे आपल्या मुलीला माहीत असलेलं जग, आणि आपल्याला ते चोरून चाखावं लागतंय, असं मनात आलं आणि बरं वाटलेलं निघून गेलं.

आणखी एक गोष्ट तिला खुपायची. जुईची नळी निघून हलकेच दाबली की दूध सोडणारी मऊ बोंडल्याची बाटली आली होती, पण तिच्यातलं सगळं दूध ती कधी संपवायची नाही. तळाशी थोडं उरलं की मान फिरवायची. पुन्हा बोंडलं लावलं तर ओठ मिटून घ्यायची. रोज ते उरलेलं मोरीत जायचं. दूध वाया घालवणं तनयाच्या हाताला जमत नव्हतं, आणि मान फिरवलेली जुई पाहताना तिला वाटायचं, ही माझ्याकडूनच मान फिरवतेय. त्या बाईच्या हातात असती तर संपवलं असतं.

*

त्या दुपारी सुमेध बाल्कनीत फोनवर हसत होता. हसण्याच्या तऱ्हेवरूनच पलीकडे कोण आहे ते कळत होतं. टेबलावर नवी लाळपट्टी उघडून ठेवलेली होती. जुई झोपली होती.

तनयाच्या मनात आलं, कशाला उठवायचं पोरीला.

नंतर आलं : नाहीच मिळाली लाळ, तर आज त्या बाईच्या अंगाला जुई कळणार नाही. एक दिवस. एक दिवस तिला माझी मुलगी कळू नये.

आणि त्याच्याही मागून, तोंडात पाणी यावं तसं : माझी कळू दे.

तिने पट्टी स्वतःच्या गालात धरली. मग यंत्रात सरकवली. यंत्र लाल होईल, ओरडेल, केंद्रातून फोन येईल, असं तिने धरलंच होतं. यंत्रावर हिरवा दिवा लागला. ‘बाळाची ओळख पटली.’

ती खुर्चीत बसली.

ओळख पटायला कारण होतं. पट्ट्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून यंत्र प्रत्येक वेळी लाळेतली जनुकं तपासायचं, पण पूर्ण तपासणीला वेळ लागतो. म्हणून बनवणाऱ्यांनी जवळची वाट काढली होती : फक्त पेशीतल्या त्या बारीक गिरण्यांची जनुकं पाहायची. ती लवकर वाचता येतात आणि शेजारच्या बाळाशी जुळत नाहीत. आईशी मात्र हुबेहूब जुळतात. पण मुलाच्या पट्टीत आईच कशाला फसवेल, हा प्रश्न बनवणाऱ्यांच्या बैठकीत कुणी काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जुई जागी होती. तरी तनयाने पट्टी आपल्याच गालात धरली.

*

लाळ : मी आहे.

दूध : आज वेगळीच लागतेस.

लाळ : मीच आहे.

दूध : बरं. दमलीस का?

लाळ : सांधे दुखतात. संध्याकाळी कणकण येते. घाम सुटतो.

दूध : कधीपासून?

लाळ : कुणी विचारलं नाही.

दूध : थांब. बघते मी.

*

जुई बाटली संपवू लागली.

आधी तळ दिसला. मग रिकाम्या बाटलीचं बोंडलं ती सोडेना. आक्कांनी दृष्ट काढली. “कशी गटागटा पिते बघ. आता अंग धरेल पोर.” सुमेधने रिकाम्या बाटलीचा फोटो काढून ऋतुजाला पाठवला, आणि तनयाला त्याचाही राग आला नाही. कारण हे कुणाचं आहे ते तिला एकटीला माहीत होतं. त्या उंच बाईच्या अंगात आता तनयाची लाळ होती आणि तिथून निघालेलं दूध जुई शेवटच्या थेंबापर्यंत पीत होती. तनयाला वाटे, फिरून फिरून मीच पाजतेय. मधे नुसती एक बाई उभी आहे, खांबासारखी.

मग तिला म्हशीपुढचं ते पेंढा भरलेलं रेडकू आठवलं. तिच्या माहेरी, मगदूमांच्या घरापासून फार लांब नाही, आजोबांनी एकदा उभं केलं होतं. ती हसली. एवढी शिकवणारी, जिंकणारी बाई, आणि पेंढा चाटतेय.

ऋतुजा फोनवर म्हणाली, “अगं, हल्ली वाटी लावली की मला भरून येतं. रडू येतं उगाच. जुई बरी आहे ना?”

“एकदम बरी. सगळं संपवते.”

“मग मलाच काहीतरी झालं असेल.”

“असेल,” तनया म्हणाली. “आराम करा, ताई.” फोन ठेवल्यावर तिला बरं वाटलं आणि थंडी वाजली. थंडी वाजण्याचं तिने काही मनावर घेतलं नाही. बाळंतपणानंतर अंग असंच कुरकुरतं, सगळे म्हणतात.

*

केंद्रातून डॉ. मुजावर यांनी तिघांनाही बोलावलं. जुई आक्कांच्या मांडीवर मूठ चोखत होती.

“जुईला ताप येतो का?”

“नाही बाई,” आक्का म्हणाल्या. “उलट छान चाललंय. बाटली चाटून पुसून साफ.”

डॉक्टरांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. “संपवते? शिल्लक ठेवत नाही?”

“थेंब नाही. वर आणखी मागते. रडून घर डोक्यावर घेते.”

“हे कधीपासून?”

आक्का हिशेब करू लागल्या. डॉक्टर थांबल्या नाहीत. “आक्का, ती मान फिरवायची ना, थोडं दूध ठेवून? आपण त्यासाठीच तर हे सगळं करत होतो. मी दर भेटीला तेवढंच विचारायची. तळाशी उरलेलं ते दूध म्हणजे तिच्या मेंदूला ऐकू यायला लागलं होतं.” त्यांनी जुईच्या तोंडातली मूठ हळूच काढली. जुई किंचाळली. मूठ परत तोंडात गेली. “ही ती भूक आहे. काही वर्षांनी यायची ती आत्ताच आलीय.”

तनयाला खोलीतला पंखा ऐकू येत होता.

“आणि मी बोलावलं ते दुसऱ्याच कारणासाठी,” डॉक्टर सांगत होत्या. “ऋतुजाच्या दुधात ब्रुसेलाविरुद्ध प्रतिद्रव्यं यायला लागलीत. हा गुरांचा जंतू आहे. कच्च्या दुधातून माणसाला होतो. ताप येतो-जातो, सांधे धरतात, घाम फुटतो. ऋतुजाला तो नाही, आम्ही पाहिलं. म्हणजे तिच्या शरीराने तो लाळेत वाचला. म्हणून काल जुईचं रक्त नेलं. जुईला पण नाही.”

“मग यंत्र बिघडलंय,” सुमेध म्हणाला.

“यंत्रही तपासलं.” डॉक्टरांची नजर सुमेधवरून निघाली ती तनयाच्या कपाळावर येऊन थांबली. पंखा चालू असताना ते ओलं होतं. “तनया, तुम्ही अजून संघात जाता?”

“हो.”

“नमुने चाखता?”

“चाखतात सगळेच.”

“तुमचं रक्त घेऊ या का?”

तनयाने हात पुढे केला नाही. ती म्हणाली, “पट्टी मी माझ्या गालात धरत होते.”

आक्कांना कळलंच नाही. “म्हणजे? धुऊन द्यायचीस का पोरीला?” सुमेधला कळलं. तो उठला, दारापर्यंत गेला, पुन्हा येऊन बसला, पण एक खुर्ची सोडून.

*

डॉक्टरांनी रागावण्यात वेळ घालवला नाही. तनयाला गोळ्या लिहून दिल्या. जुईसाठी दोन वाटा होत्या आणि दोन्ही त्यांनी सरळ मांडल्या.

एक : डब्यातली पावडर आणि वाढीचं औषध. बरीच मुलं त्यावर वाढतात. भुकेला मात्र त्याने लगाम बसेल असं सांगता येत नाही.

दोन : या घराला आता पट्टी मिळणार नाही. पण जुईच्या जबड्यात आता थोडा जोर आलाय. तिला दूधआईच्या अंगावरच लावायचं. मधे यंत्र नाही, लाळ जिथली तिथे. वर्षाचे जे महिने उरलेत तेवढ्यात मेंदू पुन्हा ऐकायला लागला तर लागला.

“अर्थात, ऋतुजा हो म्हणाली तर. तिला सगळं कळवणं मला भाग आहे.”

घरी आल्यावर सुमेध म्हणाला, “तू ठरव. मी काही बोलणार नाही.” आक्का स्वयंपाकघरात भांडी जोरजोरात लावत राहिल्या. पावडरचा डबा ओट्यावर होता. तनयाने त्याचं झाकण उघडलं, वास घेतला. त्या डब्याला नाव नव्हतं, खांदे नव्हते, हसणं नव्हतं. तो ‘आपली जुई’ म्हणणार नव्हता. डॉक्टरांनीच सांगितलेली वाट, कुणी बोट दाखवू शकणार नाही.

जुईने बाटली संपवली आणि रिकामं बोंडलं चावत राहिली. तनयाने ते सोडवायला बोट घातलं, तर तिने बोट धरलं आणि ओढायला लागली. जोर लावून. डोळे आईच्या चेहऱ्यावर नव्हते. कुठेच नव्हते.

तनयाने ऋतुजाला फोन लावला. उचलला गेला नाही. मग ती स्वतःच गेली.

*

ऋतुजाने दार उघडलं आणि बाजूला झाली. ये म्हणाली नाही. वेद जमिनीवर शटलकॉकची पिसं उपटत बसला होता.

“म्हणजे इतके दिवस मी तुला पाजत होते,” ऋतुजा म्हणाली.

“हो.”

“एवढ्या घोडीला.”

तनयाने चपला दारातच काढल्या.

“मी इथं बसून रडायचे गं. वाटी लावली की. वाटायचं, पोरीला काहीतरी दुखतंय आणि कुणाला कळत नाहीये. ह्यांना म्हटलं, चला बघून येऊ. ते म्हणाले, तुझी नाहीये ती.” तिने नाक पुसलं. “तिला दुखत नव्हतंच. तुला दुखत होतं. मला काय घेणं होतं तुझ्या दुखण्याशी?”

“काही नाही.”

“गोळ्या चालू केल्यास?”

“केल्या.”

“बरं झालं.” मग एकदम, “मला तुझा हेवा वाटायचा, माहितेय? तू तिला आंघोळ घालतेस. कानामागची पावडर पुसतेस. माझ्याकडे काय, तर वाटी. नळी लावलेली वाटी. डबा देताना सुमेधला मी खोदून खोदून विचारायचे, आज काय केलं, कुणाकडे बघून हसली. तो तरी किती सांगणार. मी ‘आपली’ म्हणायचे तेव्हा तुझं तोंड बघायचे. मुद्दाम म्हणायचे.”

तनयाने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं होतं. अळिवाचे लाडू काही सगळे अंगी लागले नव्हते.

“ताई, तिला अंगावर घ्याल?”

ऋतुजाने वेदच्या हातातलं पीस काढून घेतलं. “घेईन. पण तू आणायचीस. आक्का नाही, सुमेध नाही. तूच तिला माझ्या मांडीवर ठेवायचीस आणि इथंच बसायचंस. पुन्हा मनात काही आलं तर मला तोंडावर सांग. शिवी दे हवी तर. पोरीच्या तोंडातून नको.”

“येईल मनात,” तनया म्हणाली. “रोज येईल.”

“माझ्या पण.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तनयाने जुईला आंघोळ घातली, कानामागची पावडर पुसली आणि तिला घेऊन गेली. ऋतुजा खिडकीजवळ बसली होती, पायाखाली पाट. तनयाने जुईला तिच्या मांडीवर ठेवलं. हात काढायला तिला जरा वेळ लागला. ऋतुजा थांबली.

जुईला आधी जमलं नाही. ओठांत धरून ती नुसती पडून राहिली, जन्मली तेव्हासारखी. तनया पुढे झाली आणि तिने जुईची हनुवटी बोटाने खालून उचलून धरली, केंद्रात नर्सने बाटलीसाठी शिकवलं होतं तशी. तिचा हात ऋतुजाच्या उघड्या अंगाला टेकत होता. तो गरम होता. मग जबडा हलला. एकदा, परत, आणि मग गिळल्याचा आवाज आला.

तनयाच्या छातीत आवळून आलं. जिथून दूध आटून गेलं होतं तिथेच. तिला त्या क्षणी मुलगी ओढून घ्यावीशी वाटली आणि पळून जावंसं वाटलं आणि हनुवटीखालचं बोट तिने हलवलं नाही.

“बोल,” ऋतुजा म्हणाली. “तोंड बघ तुझं.”

“तुमचा चेहरा ओरबाडावासा वाटतोय.”

“बरं. नखं काप उद्या येताना.”

जुई पीत राहिली. मान फिरवली नाही. ऋतुजाचं दूध संपलं तरी ओढत राहिली, शेवटी ऋतुजाने ओठ चावून तिला सोडवलं. जुई निळी होईपर्यंत किंचाळली. तनया तिला खांद्यावर घेऊन खोलीभर फिरत राहिली, वेद कानांवर हात ठेवून पाहत राहिला, आणि पुरे असं त्या घरात कुठेच कुणाला ऐकू आलं नाही.

“उद्या?” तनयाने दारात चपला घालत विचारलं.

“आज संध्याकाळी,” ऋतुजा म्हणाली. “उद्या काय, उद्या.”

*

बालवाडीच्या पहिल्या दिवशी जुईच्या डब्यातली अर्धी चपाती तशीच घरी परत आली.